‘फर्स्ट’ घासून निघत नाही
—नाही हो, घासून निघत नाही. बोट फिरवा बरं इथं. लागलं खोल? तांदळाच्या दाण्याएवढं आत गेलंय अक्षर. तेवढाच ‘फर्स्ट’ घासायचा म्हटलं तर खळगा पडणार, त्यात पाणी साचणार—बाळाच्या कबरीवरचा दगड आहे, शोभेल का ते? आणि घासायचा कशाला? मीच कोरलाय गेल्या महिन्यात. तुमच्या मिसेस आल्या होत्या, खांद्यावर तान्हं घेऊन. आधी नाव होतं आणि खाली नुसतं ‘सन’, म्हणजे मुलगा—तुम्हा ख्रिस्ती लोकांना दगडावर इंग्रजीच लागतं. म्हणाल्या, याच्या आधी ‘फर्स्ट’ घाला. म्हटलं, बाई, आत्ता का? तर म्हणाल्या, आत्ताच, दुसरा आलाय ना. बरोबरच आहे—इंग्रजांच्या राजांचंही तसंच असतं, त्याच नावाचा दुसरा गादीवर बसेपर्यंत पहिल्याला कुणी ‘द फर्स्ट’ म्हणत नाही. तोवर आपलं नुसतं नाव.

काय? तुमच्या आई म्हणतात, घासून आणा? म्हणणारच. चार दिवस जगलेलं पोर, ते काय धरायचं, हाच पहिला म्हणा—असंच ना? अहो, वन-टू-थ्री असतं तर मीही म्हटलं असतं, दोनातून एक गेला, राहिला एक. पण फर्स्ट-सेकंड म्हणजे कितवा ते. रांगेतली जागा ती, माणूस गेला म्हणून पुढच्याची होते का? नाही होत. माझ्या मुलीला बघून लोक विचारतात, ही पहिलीच का? मी म्हणते, हो. सासूबाईंनी शिकवलं होतं तसं म्हणायला. सासूबाई गेल्या, मी अजून हो म्हणते. तिच्या आधीचा नाकीडोळी नीटस होता हो, माझ्या वडिलांवर गेला होता. घरात दगडांचं दुकान, आणि त्याला एक दगड— जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगत बसलेय मी.

दुसरीकडं नेऊ नका हं. कुणीतरी मशीन लावून सपाट करून देईल, त्यात नावही जाईल. मिसेसना न सांगता आणलाय ना उचलून? टॉवेलात गुंडाळलाय, तेव्हाच कळलं मला. रोज संध्याकाळी जातात त्या तिथं, तान्ह्याला घेऊन, माझ्याच दारावरून. आता निघतीलच. पोचल्या आणि दगडाच्या जागी नुसता खड्डा दिसला तर— रडताय काय? उचला. उचला आधी, आणि चला.