डावी किडनी

डॉक्टर : सोनोग्राफीत तुमची डावी किडनी दिसलीच नाही, मास्तर. जन्मापासून एकच आहे का?

मास्तर : असेल. आत डोकावून कोण बघतंय?

डॉक्टर : कुशीवर लांबलचक जुना व्रण आहे.

मास्तर : पोहायला शिकवायचो मी. लागतं कुठंतरी.

डॉक्टर : बरं, मग ऐका. हृदय दमलंय, म्हणून पायांत आणि फुप्फुसांत पाणी साचलं. औषधानं ते काढतेय. हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा निम्म्यावर आलाय. पण किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिन, एक पूर्णांक नऊ आहे; तो जितका कमी तितकं बरं. आधी किती होतं, ते तुम्ही सांगत नाही. किडनी बिघडत असेल तर मला पाण्याचं औषध थांबवावं लागेल.

मास्तर : थांबवलं तर?

डॉक्टर : पाणी पुन्हा भरेल. आडवं झालात की धाप लागेल.

मास्तर : जन्मभर लोकांना पाण्यावर तरंगायला शिकवलं. आता पाणीच माझ्यात मुक्कामाला आलं म्हणायचं.

(मास्तरांची धाकटी बहीण दार ढकलून आत येते.)

धाकटी : दादा, तू इथं आहेस हे मला शेजाऱ्यांकडून कळावं?

मास्तर : बस आधी. जिना चढून आलीस ना?

धाकटी : डॉक्टर, काय झालंय याला?

डॉक्टर : हृदयाचं दुखणं आहे. त्यात किडनी एकच, त्यामुळे...

मास्तर : राहू द्या ना, डॉक्टर.

धाकटी : दुसरी माझ्यात आहे. वीसेक वर्षं झाली. सांगितलं नाही यानं?

डॉक्टर : नाही.

धाकटी : वाटलंच मला.

डॉक्टर : यांचं आधीचं क्रिएटिनिन माहीत आहे तुम्हाला?

धाकटी : एक पूर्णांक सहा. गेल्या वर्षी मीच ओढत नेलं होतं तपासायला. एका किडनीवर एवढं चालायचंच, म्हणाले तिथले डॉक्टर.

डॉक्टर : नक्की?

धाकटी : इतरांना वाढदिवस लक्षात राहतात, मला हे आकडे.

डॉक्टर : मग चढ थोडाच आहे, आणि हृदय सुधारतंय. औषध चालू ठेवू, उद्या पुन्हा रक्त बघू. मास्तर, एवढं आधी बोलला असतात तर? मी नर्सला सांगून येते.

धाकटी : का लपवलंस?

मास्तर : मला साधी शिंक आली तरी तुझा चेहरा उतरतो.

धाकटी : दोन असत्या तर आज तुला सोपं गेलं असतं.

मास्तर : गेलं असतं. नाही कशाला म्हणू?

(धाकटी मास्तरांच्या पायांवरचं पांघरूण नीट करते.)

मास्तर : तुझं किती आलं, या खेपेला?

धाकटी : एक पूर्णांक एक.

मास्तर : म्हणजे दोन्हींत ती चांगली होती. बरं झालं.