बाभळीतला खिळा

(बडनेऱ्यापासून दोन कोसांवरचं गाव, १९६१. अंगणात पत्रा उतरवलेली जुनी मोटार. मनकर्णाबाई, तिचा मुलगा चंद्रभान आणि नत्थुजी सुतार.)

मनकर्णा: सदरा तरी बदलला का यानं? परवा शेताशेजारच्या भगवंताचं रक्त उडालं, तोच सदरा घालून पत्रा ठोकून राहिला! सांगा नत्थुजी, हे माणसाचं वागणं हाय का?

नत्थुजी: पाटलीनबाई, मी सुतार. मले लाकडाचं इचारा.

मनकर्णा: लाकडाचंच इचारून राहिली. मोटारीचा लाकडी सांगाडा उधईनं खाल्ला, बरोबर. नवा करा लागते, बरोबर. मंग बाभूळ बाजारात भेटत नव्हती? दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचीच काऊन पाडली?

चंद्रभान: धुरा आपला, झाड आपलं. पन्नासदा सांगतलं, माय.

मनकर्णा: तुले नाही इचारलं.

चंद्रभान: बाबाची मोटार हाय ही! गोऱ्या साहेबाजवळून घेतली तवा साऱ्या पंचक्रोशीत एकच होती. आता गोठ्यात कोंबड्या अंडे देत होत्या तिच्यात. मी तिले उभी करून राहिलो, अन् तू मलेच...

मनकर्णा: तुह्या बापानं कुऱ्हाडीचा दांडा नाही चालवला कोणावर. नत्थुजी, तुमी होते तिथं. पहिला वार कोणाचा?

नत्थुजी: मी करवतीवर होतो, बाई...

चंद्रभान: भगवंताचा! झाडाले मिठी मारून उभा राहिला. हट म्हटलं, हटला नाही.

मनकर्णा: मिठी मारून उभा माणूस वार कोणत्या हातानं करते?

चंद्रभान: ...शिवी देल्ली त्यानं.

नत्थुजी: दांडा कोपरावर बसला, पाटलीनबाई. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मंग खाली पडल्यावर डोक्शात. मी धावलो तवरिक अजून एक.

चंद्रभान: नत्थ्या!

मनकर्णा: नत्थुजी म्हण. तुह्या बापाच्या वयाचे हायेत.

नत्थुजी: जिल्ह्याच्या दवाखान्यात हाय तो. हात कापाच लागते म्हणे.

चंद्रभान: माय, आयक. दुपारी फौजदार येते. तुले इचारीन. तू फक्त एवढं म्हण, झाड आपलं, माह्या सासऱ्यानं लावलेलं. तुह्या शब्दाबाहेर गावात कोणी नाही. नाही तं मी जेलात जातो.

मनकर्णा: ते पाहीन मी. नत्थुजी, हा चांगला ओंडका अर्धा चिरून काऊन टाकला?

नत्थुजी: करवतीचे दात मोडले. आत लोखंड लागलं. वीतभर खिळा! वरून साल कधीची भरून आली, बाहेरून काही दिसत नाही. हा पाहा.

मनकर्णा: ...आणा इकडे.

चंद्रभान: फेक तो विहिरीत! तुले लाकूड कापाले बोलावलं का दांडा कुठं बसला त्याची साक्ष द्याले? म्हाताऱ्या, तुहीही टाळकी फोडतो आज!

मनकर्णा: चंद्रभान! सोड त्यायची गचांडी! जीव जाईन! हातोडा खाली ठेव. नाही ठेवत? मंग मार. पहिले माह्या डोक्शात मार. मी भगवंतापेक्षा जवळ हावो.

चंद्रभान: ...ठेवला.

मनकर्णा: आता मी उचलते.

चंद्रभान: माय! अवो, नको! महिनाभर ठोकून सरळ केला तो मडगाड!

मनकर्णा: अन् हा दुसरा! अन् हा दरवाजा! घे!

नत्थुजी: बस करा बाई, हातातून रक्त येऊन राहिलं तुमच्या.

मनकर्णा: येऊ द्या. पत्रा पुन्हा सरळ होते, चंद्रभान. भगवंताचा कोपर देशीन का ठोकून सरळ? बस तिथं. हा खिळा पाह्य. तू वर्षाचा होता. आकडी यायची, डोळे पांढरे व्हायचे. देवरशी म्हणे, पोराची बाधा झाडात ठोका. पण आपल्या झाडात ठोकली तं घरातच राहते. दुसऱ्याचं झाड लागते, अन् तेही मालकानं राजीखुशीनं देल्लं पाहिजे. तुले पदरात घेऊन सारं गाव फिरली मी. कोण घेईन दुसऱ्याची पीडा? दारं लावून घेतली लोकाइनं.

नत्थुजी: मले आठवते. माही माय पण नाही म्हणे.

मनकर्णा: भगवंताची माय, केशरबाई. तिनंच म्हटलं, माही बाभूळ हाय धुऱ्यावर, तिच्यात ठोक. पोटात भगवंत होता तवा तिच्या. तरी देल्ली. हातोडाही तिच्याच घरचा.

चंद्रभान: हे तू कधी सांगतलं नाही मले.

मनकर्णा: तिनंच बजावलं होतं. पोराले सांगू नको म्हणे, तो आमच्यापुढं मान खाली घालून वाढीन.

चंद्रभान: मंग आता फौजदाराले काय सांगशीन?

मनकर्णा: झाड केशरबाईचं. भगवंताचे दोन्ही हात झाडाभोवती होते. दांडा माह्या पोराच्या हातात होता.

चंद्रभान: मी तुहा पोरगा हाय, माय.

मनकर्णा: म्हूनच फौजदार घरी येवाची वाट नाही पाहाची. मी तुले सोडवणार नाही, चंद्रभान. घेऊन जाणार. खिळा तूच धर. अन् सदरा आता बदलू नको, तसाच चाल. ठाणं दोन कोस हाय, पायी जा लागते. पाणी पिऊन घे.