दुपारची जागा

हुशारी मायाच अंगाशी कशी आली, ते ऐका. सरकारनं किमान पगार वाढवला, तसं मी इतवारीतल्या माया भांड्याच्या दुकानातल्या गुलाबले म्हटलं, “आता दुपारूनच येत जा गा.” सकाळी मीच शिडीवर चढून पितळेचे गंज-पातेले उतरवून राहिलो.

एक दिवस सक्करदऱ्याचा एक हॉटेलवाला आला. मले पाहून म्हणते, “नवा लागला का गा इथं? मालक पगार बरोबर देते न?”

“कुठचं? माया हाती काही उरतच नाही.”

“मग माया हॉटेलात ये न. नव्या दरानं पगार, वरून जेवण.”

मी शिडीवरून उतरलोच. “कधी येऊ?”

“सकाळची जागा तर गुलाबनं घेतली. त्यानंच हे दुकान सांगितलं मले. तुले दुपारी जमते काय?”

दुपारी दुकानात गुलाब असतेच. म्हटलं, “जमते.”