सुमनताईचा कागद अन् माझा गुण्या

रामदासभाऊ, बचत गटातल्या बहिणींनो, अन् रोहण्याच्या साऱ्या मंडळींनो,

मी गजानन सुतार. मले रंधा चालवाची सवय आहे, माईकसमोर बोलाची नाई. तरी बोलू द्या. मधात कोणी थांबवू नोका.

माझ्या आधी तिघं बोलले. सुमनताई शांत होत्या म्हणे. कोणाले उलटून बोलल्या नाई म्हणे. खोटं आहे! ताई माझ्याशी भांडल्या. चांगल्या भांडल्या. अन् त्याईचंच बरोबर होतं, हे सांगाले मी उभा राह्यलो.

ताई शिलाईकाम करत, हे तुमाले माहीत आहे. गटानं मधमाश्या पाळाचं ठरवलं, तवा पेट्या घरीच बनवू, असं त्याईनंच काढलं. पेटी गव्हाणीसारखी. वर रुंद, खाली अरुंद, दोन्ही बाजूच्या फळ्या तिरप्या. तिरपी फळी तळाच्या फळीवर बसवाची, तर तिची कडही तेवढीच तिरपी कापा लागते. जरा चुकलं की फट. फट राह्यली की मेण खाणारा किडा आत शिरते, अन् माश्या पेटी सोडून जातात.

ताईनं ब्लाउज बेतावा तसा खाकी कागदावर पेटीचा कोन बेतला. माझ्याकडं आणला. ‘भाऊ, या कागदासारखंच कापा.’ मले हसू आलं. माझ्या बाबाचा एक गुण्या आहे, पट्टी फिरवून पाहिजे तो कोन धरता येते असा. कागदावरचा कोन मी त्याच्यावर घेतला अन् फळ्या कापल्या.

पहिल्या पेटीत फट. आगपेटीची काडी आरपार जाये एवढी. दुसरीत फट. तिसरीत बी फट! मी भुसा अन् सरस भरला. उन्हाळ्यात तो सारा निखळून पडला. पहिल्या पेटीत सातेरी माश्यांचं मोहोळ बसवलं होतं. एका दुपारी सारंच्या सारं उठून गेलं. ताई अंगणात उभ्या राहून वर पाहत होत्या.

तशाच माझ्याकडं आल्या. ‘भाऊ, मी कागद फळीवर ठेवून पाह्यला. फळी कमी तिरपी आहे.’

म्या म्हटलं, ‘ताई, कापड ओढलं की बसते. लाकूड नाई बसत.’

‘ओढाचं कोण म्हणून राह्यलं? एक डाव तुमचा गुण्या तपासा.’

‘माझ्या बाबाचा गुण्या आहे तो! तुमी शिकवता मले?’

एक डाव तपासा म्हणाल्या. एक डाव! किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. म्या नाई तपासला. उलट टपरीवर सांगत सुटलो, शिलाईवालीनं लाकडात हात घालू नये. तुमी हसले. हो, इथं बसलेलेच हसले. माना खाली नोका घालू. सगळ्यात आधी मीच हसलो.

मंग गटाच्या मीटिंगमध्ये ताईच्या हातून मापाचं काम काढून घेतलं. त्या दिवशी मात्र त्या भांडल्या नाई. घरी गेल्या, मशीनवर बसल्या. पावसाळा सरता सरता ताप आला. आठव्या दिवशी गेल्या.

मागच्या सोमवारी ताईचे घरधनी, हे रामदासभाऊ, तो कागद घेऊन आले. ‘तिची एक पेटी राह्यली गजानन. करून दे.’

म्या गुण्या कागदावर लावला. बरोबर जुळला. फळीपाशी नेला, रेघ मारली. कोण जाणे काऊन, परत कागदावर लावला. जुळेना! पुन्हा केलं. पुन्हा तेच. गुण्याचा पेच झिजला होता. दोन पावलं चाललो की पट्टी सरके. किती वर्षांपासून सरकत होती, देव जाणे. तुमच्या घरच्या खिडक्या म्या त्याच्यावरच कापल्या.

मी तिथंच खाली बसलो. राग आला. गुण्यावर आला, माझ्यावर आला. खरं सांगू? ताईवर बी आला. काऊन पुन्हा एक डाव नाई म्हणाल्या? काऊन दारात येऊन ओरडल्या नाई? मंग वाटलं, अरे, त्या बाईनं आणखी किती डाव सांगाचं?

शेवटी गुण्या फेकला. कागद सरळ फळीवर ठेवला, चाकूनं रेघ ओढली, कापलं. फळी अशी बसली की केस आत जाईना. अन् दाखवू कोणाले? ज्याईले दाखवाची, त्या नाई. माश्या येतील का नाई, तेही माहीत नाई.

बहिणींनो, तुमच्या मीटिंगच्या वहीत लिहिलं आहे, ‘सुमनताईचं माप चुकलं.’ ते खोडा. तिथं माझं नाव लिहा. उद्या नाई, आज. हे सारे घरी जाच्या आधी.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कोणी काई बोलू नोका. ताईबद्दल चांगलं बी नोका बोलू. आपलं बोलून झालं.

सुमनताई, चुकी माझी होती. नमस्कार.