भांडगाव येथील न्हाणीघराच्या बंद खिडकीबाबत

मी, चांगदेव म्हस्कू सोनवणे, वय ७१ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त अध्यापक (तर्कशास्त्र), राहणार भांडगाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे. आज दिनांक ०९/०१/२०२६ रोजी सकाळी ११.२० वाजता यवत पोलीस ठाण्यात कोणीही बोलावले नसता स्वतः हजर होऊन सांगतो, की

मी वरील पत्त्यावर पत्नी सोजरबाई व मुलगा सम्राट यांच्यासह नव्या घरात राहतो. घर गेल्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाले. मुलगी भाग्यश्री, वय २८, हिचे सासर शिरूर येथे आहे. ती पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली असून दिनांक २४/१२/२०२५ रोजी तिला मुलगी झाली.

दिनांक ०६/०१/२०२६ रोजी सकाळी ८.१० वाजता भाग्यश्री अंघोळीस गेली. पत्नीने तिला तेल लावून पाठीवर पाणी घातले व ८.२५ च्या सुमारास बाळ रडू लागल्याने पत्नी बाहेर आली. भाग्यश्रीने आतून कडी लावली. गिझर चालू होता. ८.५० वाजता पत्नीने हाक मारली, नंतर मी मारली. उत्तर आले नाही. सम्राटने दार तोडले. आत काय दिसले ते पंचनाम्यात आलेले आहे, त्याची मी पुनरुक्ती करीत नाही. भाग्यश्री तेव्हापासून पुण्यातील रुग्णालयात कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर आहे व शुद्धीवर आलेली नाही. बंद जागेत गॅस जळून तयार झालेला विषारी वायू श्वासात गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले. बाळास वरचे दूध चालू आहे.

दिनांक ०७/०१/२०२६ रोजी सम्राटने प्लंबर दत्ता बबनराव शेलार, राहणार खुटबाव, याच्याविरुद्ध तक्रार दिली, की त्याने गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवला व धोक्याची कल्पना दिली नाही. त्यापैकी पहिला भाग खरा आहे. दुसरा खरा नाही. गिझर बसवला त्या दिवशी सम्राट कुरकुंभ येथे कामावर होता. घरी झालेल्या बोलण्याची त्यास माहिती असण्याचा संभव नाही. ती मला आहे, कारण बोलणे माझ्याशी झाले.

जुन्या घरी आम्ही अंगणात बंब पेटवीत असू. त्याचा धूर डोळ्याला लागे, त्यामुळे तो घरात ठेवू नये हे कोणी कोणास सांगावे लागले नाही. नव्या घरी विजेचा दाब कमी राहतो, म्हणून मी गॅसचा गिझर घेतला. दत्ताने तो बाहेरच्या भिंतीवर बसवण्यास सुचवले. ती भिंत दर्शनी आहे. पेटी व सिलिंडर रस्त्यावरून दिसू नये, म्हणून मी तो आत बसवण्यास सांगितले. दत्ताने दोनदा हरकत घेतली. त्याचे शब्द मला आठवतात, ते असे: "सर, ह्यो बंद खोलीत जळला की तुमच्या वाटणीची हवा बी ह्योच खातो. वास न्हाई, धूर न्हाई. माणूस निजल्यावानी पडतं. खिडकी कवाच लावायची न्हाई." त्यानंतर त्याने हे सर्व माझ्याकडून वदवून घेतले व म्हणाला, "आज मी मास्तर हाय. चुकलात तर पुन्हा म्हणायला लावीन." मी ते बिनचूक म्हटले. मला ते रुचले नव्हते.

आत बसवून देण्याबद्दल त्याचा काही दोष असल्यास तो तपासात ठरेल. न सांगितल्याचा दोष त्याच्यावर येत नाही.

त्याच दिवशी मी गिझर वापरण्याचे पाच नियम कागदावर लिहून न्हाणीघराच्या दारास चिकटवले. तिसरा नियम, खिडकी बंद करू नये, असा होता. कारण लिहिले नव्हते. पत्नी चौथीपर्यंत शिकलेली असून तिने तो कागद वाचला व खिडकी का लावायची नाही असे विचारले. मी तिला, लिहिले आहे तेवढे पाळावे, असे सांगितले. बाळंतिणीला वारा लागू देऊ नये, हा नियम तिला तिच्या आईने कारणासह सांगितलेला होता. कारण असलेला नियम व कारण नसलेला नियम समोरासमोर आल्यास कोणता टिकेल, हे मला आधी कळावयास हवे होते.

दिनांक ०६/०१/२०२६ रोजी सकाळी ८.०५ वाजता मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत असता पत्नी माझ्याजवळ आली. ती म्हणाली, "अवो, गार वारा येतोय आत. पोरीला बाधंल. ती खिडकी तेवढी लावू का?"

मी म्हणालो, "लाव. ती काय दिवसभर आत बसणार आहे?"

त्यावर पत्नीने काचेच्या पट्ट्या मिटवल्या व गोधडीची घडी त्यावर खोचली. मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

त्या वेळी दत्ताचे म्हणणे आठवत होते काय, असे विचारल्यावरून सांगतो, की आठवत होते. नियम सर्वसाधारण आहे, आजची गरज विशेष आहे, असे मी मनाशी ठरवले. या युक्तिवादातील दोष मी एकतीस वर्षे वर्गात शिकवलेला आहे.

पत्नीने काल, दिनांक ०८/०१/२०२६ रोजी, आपल्यासमोर दिलेल्या जबाबात खिडकी आपल्याच मनाने लावली, कोणास विचारले नाही, असे सांगितल्याचे मला आज समजले. तो जबाब व माझा जबाब एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. माझा खरा आहे. तिने असे का सांगितले, असे विचारल्यावरून सांगतो, की त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, परंतु ते या जबाबाचा विषय नाही. तिला खोटे बोलण्याची सवय नाही, एवढे नोंदवून घ्यावे.

आज सकाळी घरून निघताना सम्राटने मला फाटकाशी अडवले. मी काय सांगणार हे त्यास मी रात्री सांगितले होते. तो म्हणाला, "आप्पा, दत्ताचं काहीतरी निभावंल, वकील देऊ आपणच. पण भाग्यश्री उठली तर मी तिला काय सांगू? आपल्याच आप्पांनी लावायला सांगितली, म्हणू?"

मी त्यास सांगितले, की ती उठली तर प्रथम बाळाचे विचारेल, त्याचे उत्तर त्याने द्यावे. त्यानंतर ती खिडकीचे विचारेल. तेव्हा त्याने खोलीबाहेर जावे व मला आत पाठवावे.

मी बोललो तसा हा जबाब संगणकावर उतरवण्यात आला व मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी तो ऐकला, नंतर स्वतःही वाचला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम असून त्यात कमी-जास्त करण्यासारखे काही नाही. कोणाच्याही भीतीने वा भरीस पडून दिलेला नाही, म्हणून खाली सही करीत आहे.

चांगदेव म्हस्कू सोनवणे