देवीची ओटी

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, भिवंडी स्टँडवर, वज्रेश्वरीची एसटी नेहमीसारखी आलेली नव्हती. लूमची शिफ्ट संपवून आलेल्या राघोला त्याचं दुःख नव्हतं, कारण रांगेत पुढे दोघी जावा बोलत होत्या. थोरल्या ठमाबाईच्या हातात खण-नारळ होता.

"वयनी, नातीला कांजिण्या व्हत्या, देवी न्हाय. डाक्टरनं सांगला ना?"

"सांगला. देशात देवीचा एकपन रोगी ऱ्हायला न्हाय म्हनाला."

"मंग ओटी कुनाची भरतेस? देवी तं गेली!"

"गेली म्हनूनच भरते. निघालेल्या बाईला मोकळ्या हातानं धाडतात का, मैना?"

"तुझी दोन पोरं नेलीन तिनं."

"नेलीन. नातीच्या अंगावर फोड दिसलं, तवा फोडनी बंद केली, दाराला कडुलिंब बांधला. म्हनलं, आता हीबी जाते. पन पोर उठून भात खाया लागली."

"मंग टोचनाऱ्या नर्सबाईची भर ओटी."

"तिची सकालीच भरली. लाजली बिचारी."

"आन देवीला काय सांगशील?"

"हात जोडीन, उपकार मानीन. ओटी भरल्यावर 'परत ये' म्हनतात ना, तेवढं म्हनायचं न्हाय. तूपन तोंड आवर."