प्रार्थनेनंतरचा चहा

माझा गुण मला चहा करताना सापडला, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण झालं ते असंच.

कर्जतला रेल्वेच्या चाळीत आम्ही चौघी ख्रिस्ती बायका दर रविवारी माझ्या घरी प्रार्थनेला जमायचो. एकदा फादर आले आणि म्हणाले, "देवाने प्रत्येकीला काही ना काही देणं दिलंय. आज एकेकीने आपापलं सांगा."

मोनिका म्हणाली, तिचा गळा गोड. इनासबाय म्हणाली, तिला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. मला ना गळा, ना पाठांतर. सगळ्यांसमोर 'मला काहीच नाही' कसं म्हणायचं? "चहा टाकते," म्हणून मी आत पळाले.

पाठोपाठ कप विसळायला मोनिका आली, आणि विसळता विसळता सासूचं सांगून रडली. मग साखर बघायला इनासबाय आली. मुलाचं पत्र नाही म्हणून ती देवावरच रुसली होती. प्रार्थना म्हणे नुसती ओठांनी चालली होती. म्हातारी रोझमावशीही येऊन चुलीपुढे बसली. मी आपली आधण ढवळत "हं, मग?" एवढंच म्हणत होते.

तेवढ्यात फादर दारात आले. "अहो, बाहेर मी एकटाच उरलोय. इथं काय चाललंय?"

रोझमावशी जागची हलली नाही. "फादर, भायेर आमी चांगलं बोलतो. खरं बोलायला हिच्याकडं येतो. हिचं देणं तेच हाय."

फादर आत आले. मग पाट ओढून चुलीपाशी बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, मलाही एक सांगायचंय."